सिम्युलेटरमधलं ग्रहण आधी तपासा, मग मुलांना दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण जवळ येईल तसतशी त्याची चर्चा वाढत जाईल. गडद छायेचा पट्टा अटलांटिकमधून निघून जिब्राल्टर, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो आणि हिंदी महासागरात संपतो. इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास अवस्था ६ मिनिटं २३ सेकंद आहे. मध्य भारतातून हे ग्रहण फार तर खंडग्रास, आणि नागपुरात ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. त्यामुळे घरी संगणकावर विमान उडवणारी मुलं आणि शाळांची विज्ञान मंडळं यांचं लक्ष फ्लाइट सिम्युलेटरकडे वळणं स्वाभाविक आहे. तारीख लावायची, विमान लक्झरवर न्यायचं आणि पडद्यावर ग्रहण पाहायचं. कल्पना चांगली आहे आणि तिला आमचा मनापासून पाठिंबा आहे. आग्रह एवढाच की दाखवण्याआधी त्या सिम्युलेटरचं आकाश तपासून घ्यावं. ग्रहणाच्या नेमक्या मिनिटाला सूर्य लख्ख तळपताना दिसला, तर समोर बसलेलं मूल पंचांग चुकलं असंच समजेल.

सिम्युलेटर बनवणाऱ्यांना आकाशाकडून सर्वांत आधी हवा असतो तो उजेड. सूर्य किती वर आहे यावर धावपट्टीचा रंग, ढगांच्या कडा, कॉकपिटमधल्या सावल्या ठरतात. सूर्याचं स्थान काढणं सोपं आहे. चार-पाच ओळींचं सूत्र ते अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर देतं. चंद्र मात्र बहुतेक ठिकाणी शोभेपुरता असतो आणि त्याचं गणित अवघड. पृथ्वीभोवतीची साधी लंबवर्तुळाकार कक्षा धरून चंद्राची जागा काढली, तर सूर्याच्या ओढीमुळे पडणारा सर्वांत मोठा फरकच १.२७ अंशांपर्यंत जातो. त्यानंतरचा सुमारे ०.६६ अंश, पुढचा ०.१९. चंद्राचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं. म्हणजे हे फरक गणितात घेतले नाहीत तर चंद्र स्वतःच्या दोन-तीन बिंबांएवढा भलतीकडे जाऊ शकतो. ओडिशाच्या सामंत चंद्रशेखरांनी एकोणिसाव्या शतकात दुर्बीण नसताना, बांबूच्या उपकरणांनी हे तिन्ही फरक मोजले होते. आजच्या संगणकाला ते जड जाऊ नयेत. ते वगळले जातात, कारण खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

त्याहून जास्त वेळा राहून जातं ते लंबन. पंचांगाशी परिचय असलेल्यांना हा शब्द ठाऊक आहे. चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर त्याची जागा एक आणि नागपूरच्या जमिनीवरून पाहिलं तर दुसरी येते. चंद्र क्षितिजावर असताना हा फरक सर्वाधिक, ५४ ते ६१ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे जवळपास एक अंश. डोक्यावर असताना शून्य. मधल्या उंचीवर त्या उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाच्या, कोसाइनने गुणायचं, म्हणजे ४५ अंशांवर साधारण ४० कला. सिम्युलेटर केंद्रातून दिसणारा चंद्र काढत असेल तर तो नेहमी खऱ्यापेक्षा वर दिसतो. रोजच्या उड्डाणात हे कुणाला कळत नाही. ग्रहणात मात्र सगळा खेळच अर्ध्या अंशाचा असतो, तिथे एक अंशाची चूक म्हणजे ग्रहणच नाही.

ही चूक पकडायला सर्वांत चांगलं ग्रहण आपल्या शेजारचंच आहे. २२ जुलै २००९ च्या सकाळी छाया सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा या पट्ट्यातून गेली आणि नागपुरातून मोठं खंडग्रास होतं. विमान भोपाळच्या विमानतळावर उभं करा, त्याचा कोड व्हीएबीपी. वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ००:५३ लावा, म्हणजे आपली सकाळचे ६:२३. लाइव्ह हवामान बंद करून निरभ्र आकाश निवडा, कारण त्या दिवशी खरोखर ढग होते आणि काही सिम्युलेटर जुन्या तारखेलाही आजचं हवामान लावतात. आता विमानाचं नाक ७० अंशांवर, म्हणजे पूर्व आणि ईशान्य यांच्या मध्ये वळवा. सूर्य क्षितिजापासून सात-आठ अंशांवर दिसेल आणि त्याच्यावर चंद्राचं काळं बिंब बरोबर बसलेलं असायला हवं. लंबन नसेल तर चंद्र सूर्याच्या वर, सुमारे एक अंश अंतरावर, दोन बिंबं मावतील एवढा दूर असेल.

इथे एक अडचण येते. अमावास्येचा चंद्र अनेक सिम्युलेटर काढतच नाहीत. चंद्राचा उजळ भाग कमी होईल तसं चित्र फिकट करत नेतात आणि अमावास्येला ते पूर्ण पारदर्शक होतं. मग चंद्र कुठे आहे हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी वेगळी परीक्षा घ्यावी. पंचांगात चंद्रनक्षत्र रोहिणी किंवा मघा असलेली रात्र शोधा, म्हणजे चंद्राजवळ एक ठळक तारा असेल. नागपूर आणि दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग या दोन्ही ठिकाणांहून चंद्र दिसत असेल असा एकच क्षण जागतिक वेळेत निवडा. आधी नागपुरातून, मग घड्याळ न हलवता जोहान्सबर्गहून चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर पाहा. खऱ्या आकाशात चंद्र ताऱ्याच्या तुलनेत पाऊण ते एक अंश सरकतो. पडद्यावर तो जागचा हलला नाही, तर त्या सिम्युलेटरमध्ये लंबन नाही आणि ग्रहण दाखवायला तो उपयोगाचा नाही. या परीक्षेला अमावास्या लागत नाही, दहा मिनिटं पुरतात.

चंद्रोदयाच्या वेळेवरून ही परीक्षा घेऊ नये, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पहिला विचार तोच सुचतो. संकष्टीचा चंद्रोदय आपल्या दिनदर्शिकांमध्ये आणि वर्तमानपत्रांत शहरवार छापलेला असतो, तो सिम्युलेटरशी ताडून पाहणं सोपं वाटतं. पण क्षितिजावर दोन परिणाम एकमेकांविरुद्ध काम करतात. लंबनामुळे चंद्र उशिरा उगवतो, नागपूरच्या अक्षांशावर साधारण चार मिनिटं. हवेतल्या वक्रीभवनामुळे तो ३४ कला वर उचललेला दिसतो, म्हणजे अडीच मिनिटं लवकर उगवतो. दोन्ही न मोजणारा सिम्युलेटरही खऱ्या वेळेच्या दोन मिनिटांच्या आतच चंद्रोदय दाखवतो. वेळ जुळली म्हणून गणित बरोबर असा निष्कर्ष काढला की फसगत ठरलेली.

बिंबाचा आकार हीसुद्धा नेहमीची गडबड. सूर्याचं बिंब वर्षभरात ३१.५ ते ३२.५ कला, चंद्राचं २९.४ ते ३३.५. या थोड्याशा फरकावरच खग्रास होणार की कंकणाकृती हे ठरतं. पण १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर नेहमीच्या झूमला खरा चंद्र पंधराएक पिक्सेलचाच येतो आणि निस्तेज वाटतो, म्हणून तो फुगवून काढायचा मोह होतो. सूर्याभोवती तेजाचं वलय चढवलं की त्याचं बिंबही मोठं भासतं. मोजायला पट्टी लागत नाही, घड्याळ लागतं. विमान ब्रेक लावून उभं ठेवा, कॅमेरा हलू देऊ नका, वेळेचा वेग एकपट ठेवा. २० मार्चच्या आसपास नागपूरच्या विमानतळावरून मावळत्या सूर्याची खालची कडा सपाट क्षितिजाला टेकल्यापासून वरची कडा बुडेपर्यंत साधारण २ मिनिटं १७ सेकंद लागायला हवेत. चार-पाच मिनिटं लागली तर बिंब दुप्पट काढलं आहे. चंद्र पडद्यावरच्या एका ठरावीक बिंदूवरून पूर्ण सरकायलाही दोन मिनिटांच्या थोडंसं वर लागतात, एवढा ठोकताळा पुरतो. चंद्र आणि सूर्य यांचे आकार कायम एकसारखे ठेवलेले असतील, तर २६ डिसेंबर २०१९ चं दक्षिण भारतातलं किंवा २१ मे २०३१ चं केरळ-तमिळनाडूतलं कंकणाकृती ग्रहण त्या सिम्युलेटरमध्ये खग्रास होऊन बसेल.

आता वेळेबद्दल. ग्रहणाची वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत, सिम्युलेटरच्या भाषेत झुलू टाइममध्ये, लावावी. भारताची वेळ साडेपाच तासांनी पुढे आहे, आणि तो अर्धा तासच घात करतो. सिम्युलेटर स्थानिक वेळ रेखांशावरून पूर्ण तासांत काढत असेल, तर नागपूर पाच तासांच्या पट्ट्यात पडतं आणि सगळं अर्धा तास चुकतं. अर्ध्या तासात गडद छाया हजारभर किलोमीटर पुढे निघून गेलेली असते. दुसरी गोष्ट, वर्ष. काही सिम्युलेटरमध्ये दिवस आणि महिना निवडता येतो, वर्ष येत नाही. सूर्याला ते चालतं, दरवर्षी त्याच तारखेला तो जवळपास त्याच जागी असतो. चंद्राची तिथी मात्र दरवर्षी त्याच तारखेच्या मानाने अकरा दिवस सरकते. याच फरकाची भरपाई करायला आपल्याकडे अधिक मास आहे. वर्ष लावता येत नसेल तर पुढची कुठलीही खटपट व्यर्थ आहे.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन सूचना. खगोलगणितात दिवस ज्युलियन दिनांकाने, म्हणजे दिवसांच्या एका सलग मोजणीने, मोजतात आणि तो आकडा आज २४ लाख ६० हजारांच्या पुढे आहे. तो ३२ बिटांच्या दशांश चलात साठवला, तर त्यात पाव दिवसापेक्षा बारीक काही मावतच नाही. चंद्र सहा तास एका जागी थांबतो आणि मग तीन अंशांची उडी मारतो. ६४ बिटांचा चल वापरला की हा प्रश्न मिटतो. आणि पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळांच्या तुलनेत मागे पडल्यामुळे साचलेला सुमारे ६९ सेकंदांचा फरक धरला नाही, तर छायेचा पट्टा विषुववृत्ताजवळ ३२ किलोमीटर बाजूला पडतो. पट्ट्याच्या मध्यावर त्याने फारसं बिघडत नाही, काठावरच्या गावाला खग्रासऐवजी खंडग्रास मिळतं. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे, तेव्हा सूर्य-चंद्राचं गणित कसं लिहितात हे पाहायला अभियांत्रिकीच्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन यांचं वागणं आवृत्तीगणिक बदलतं. ऐकीव माहितीवर न जाता आपल्या संगणकावरची आवृत्ती आपणच तपासावी.

समजा चंद्र बरोबर सूर्यावर आला. तरीही अंधार पडेलच असं नाही, आणि पाहणाऱ्याचा हिरमोड बहुधा इथेच होतो. सिम्युलेटरमधला उजेड सूर्याच्या उंचीवरून ठरतो, सूर्याचं बिंब झाकलं आहे की नाही हे त्या हिशेबात नसतं. काळी चकती सूर्यासमोरून जाते आणि खाली वाळवंट तसंच लख्ख राहतं. खरं म्हणजे त्यासाठी तीन आकडे पुरतात: सूर्याची कोनीय त्रिज्या, चंद्राची कोनीय त्रिज्या, दोन्ही केंद्रांमधलं अंतर. यावरून उघडं राहिलेलं क्षेत्रफळ काढायचं आणि उजेड त्या प्रमाणात कमी करायचा. पण पुढे आणखी एक गोम आहे. आजचे सिम्युलेटर डोळ्यांप्रमाणे पडद्याचा उजेड आपोआप जुळवून घेतात, त्यामुळे कमी झालेला उजेड पुन्हा भरून निघतो. अर्धा सूर्य झाकला गेला तरी माणसाच्या डोळ्यांनाही फारसं जाणवत नाही, तेवढं ठीक. शेवटच्या मिनिटात मात्र उजेड कोसळायला हवा, सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी असतो तसा संधिप्रकाश यायला हवा, शुक्रासारखे तेजस्वी ग्रह दिसायला हवेत. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आपोआप जुळणारा उजेड बंद करता येत असेल तर तो बंद करूनच पाहावं.

विमानातून दिसणारं ग्रहण जमिनीवरच्यापेक्षा वेगळं असतं, ते छायेमुळे. ३५ हजार फुटांवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटरवर असतं. २०२७ च्या छायेचा पट्टा लक्झरजवळ २५८ किलोमीटर रुंद. म्हणजे छायेच्या मध्यात उडणाऱ्याला चारही दिशांना छायेबाहेरचा उजेड दिसतो, क्षितिजावर सगळीकडून नारिंगी कडं उमटतं, आणि त्याआधी ढगांवरून धावत येणारी काळी कड दिसते. सगळ्या दृश्याचा उजेड एकाच बटणाने कमी करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये यातलं काहीच मिळत नाही.

उड्डाणाची आखणी करणाऱ्यांनी सूर्याची उंची आधी पाहावी. लक्झरला ग्रहणाच्या मध्यावर सूर्य ८२ अंशांवर, जवळजवळ माथ्यावर असेल. प्रवासी विमानाच्या खिडकीतून तो दिसणार नाही, वैमानिकाच्या काचेतूनही नाही. बाहेरचा कॅमेरा लावावा लागेल. ३० जून १९७३ च्या ग्रहणासाठी काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाच्या पहिल्या नमुन्याच्या छताला म्हणूनच खिडक्या पाडल्या होत्या. ते विमान कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघालं, आफ्रिकेवरून छायेबरोबर आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने धावलं आणि जमिनीवर जास्तीत जास्त सात मिनिटं असलेली खग्रास अवस्था आतल्या खगोलशास्त्रज्ञांना ७४ मिनिटं मिळाली. आपल्याकडे २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाचं चित्रण हवाई दलाच्या मिग-२५ विमानातून झालं होतं. नेहमीच्या प्रवासी जेटला एवढं जमत नाही, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लक्झरजवळ छायेचा वेग ताशी २,४०० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच दिशेने, साधारण आग्नेयेकडे, ताशी ९०० किलोमीटरने उडालात तर सहा मिनिटं २३ सेकंदांची सुमारे दहा मिनिटं होतात. उलट दिशेने उडालात तर साडेचारच उरतात. खिडकीतून पाहायचंच असेल तर सूर्य खाली असलेलं ग्रहण निवडा. भोपाळ २००९ त्यात पहिलं. १२ ऑगस्ट २०२६ चं स्पेनमधलंही चांगलं, बुर्गोसच्या आसपास जागतिक वेळेनुसार साडेसहाला, सूर्य पश्चिमेला दहाएक अंशांवर.

ग्रहणाची वाट न पाहता रोज करता येतील अशा परीक्षा नागपुरातच आहेत. सोनेगावच्या विमानतळाचा कोड व्हीएएनपी, अक्षांश २१ अंश ५ कला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. दुसरी संधी १७ जुलैच्या सुमारास. २६ मे रोजी दुपारी १२:१० ला विमान उभं करून वरून पाहा, पंखांची सावली बरोबर पंखांखाली असायला हवी. १२:०० वाजताच सावली नाहीशी झाली, तर सिम्युलेटर नागपूरला ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ ज्यावरून ठरते तिथे, समजतो आहे किंवा स्थानिक वेळेत घोळ आहे. आपण त्या रेखांशाच्या ३.४ अंश पश्चिमेला आहोत, त्यामुळे माध्यान्ह सरासरी साडेतेरा मिनिटं उशिरा येते. मेअखेरीस घड्याळाच्या आणि सूर्याच्या वेळेतल्या फरकामुळे त्यातून तीन मिनिटं कमी होतात.

उंचीची परीक्षा संध्याकाळी घ्यावी. २० मार्चला विमानतळावरून सूर्य ६:२५ च्या सुमारास मावळतो. त्याच जागेवर ३५ हजार फुटांवर असलेल्या विमानातून तो साधारण तेरा मिनिटं नंतर मावळतो, कारण तिथून क्षितिज तीन अंश खाली झुकलेलं असतं. सिम्युलेटरमध्ये वर-खाली दोन्हीकडे सूर्यास्त एकाच मिनिटाला झाला, तर क्षितिजाचा झुकाव धरलेला नाही. मुंबईकडे ताशी ८५० किलोमीटरने उडताना मावळतीच्या सूर्याचा वेगही निम्म्याहून कमी होतो, कारण नागपूरच्या अक्षांशावर पृथ्वीच ताशी सुमारे १,५६० किलोमीटरने फिरते आहे. बिंब बुडायला सव्वादोनऐवजी पाचएक मिनिटं लागतात.

चंद्रकोरीची परीक्षा आम्हाला सर्वांत आवडते. पाडव्याच्या सुमारास नागपुरातून संध्याकाळची कोर जवळजवळ आडवी, होडीसारखी दिसते, कारण त्या दिवसांत सूर्य-चंद्राचा मार्ग आपल्या पश्चिम क्षितिजावर जवळपास काटकोनात उभा असतो. २० मार्च २०२६ ची तारीख लावून संध्याकाळी ६:५० ला पश्चिमेला पाहा. कोर उभी दिसली तर ती युरोप-अमेरिकेच्या आकाशासाठी काढलेलं एक ठरलेलं चित्र आहे, सूर्याची दिशा पाहून उजळलेला गोल नाही. अशा सिम्युलेटरमध्ये चंद्रग्रहणही होणार नाही, कारण चंद्रावर उजेड कुठून पडतो हेच त्याला माहीत नाही.

चंद्रग्रहणाची गोष्ट थोडक्यात अशी. ७ सप्टेंबर २०२५ ची रात्र लावा. स्पर्श ९:५७, खग्रास ११:०१ ते १२:२३, मोक्ष १:२६. चंद्र पांढराच राहिला तर पृथ्वीची छाया मोजलेलीच नाही. लाल झाला पण एकदम आणि सगळाच, तर केवळ तारीख पाहून रंग बदलला आहे. खरी छाया कडेने, वक्राकार सरकत येते. विमानातून मौज आहे ती ३ मार्च २०२६ च्या ग्रहणात. नागपुरात सव्वासहाच्या सुमारास चंद्र ग्रस्तच उगवतो आणि ६:४७ ला मोक्ष होतो. खग्रास अवस्था ५:३३ ला संपते, म्हणून ती पकडायला पूर्वेला दिब्रुगढकडे जावं लागतं. यानंतर ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र, मध्य १०:२२ ला.

ग्रहांसाठी २१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती लावावी. संध्याकाळी पावणेसातला नैऋत्येला दोन ठिपके सहा कलांवर, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाएवढ्या अंतरावर हवेत. ताऱ्यांसाठी एवढंच पाहावं की डिसेंबरच्या मध्यरात्री डोक्यावर असलेलं मृग नक्षत्र जूनच्या मध्यरात्री दिसत नाही ना. दिसलं, तर सिम्युलेटर पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटांऐवजी २४ तासांची धरतो आहे.

यातल्या परीक्षांत सिम्युलेटर नापास झाला तर तो फेकून द्यायची गरज नाही. शेजारच्या पडद्यावर स्टेलॅरियम हा मोफत तारांगण-प्रोग्राम उघडावा. एफ-६ ने ठिकाण आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, एफ-५ ने तारीख आणि वेळ, आणि दोन्हीकडे तोच क्षण. उड्डाण सिम्युलेटरमध्ये, आकाश स्टेलॅरियममध्ये, आणि मुलांना स्पष्ट सांगायचं की कुठल्या पडद्यावर काय खरं आहे. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथे एकदा खरी कोर आणि तिचा कल पाहून आलेलं मूल घरच्या पडद्यावरची चूक स्वतः ओळखेल.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. ग्रहणाच्या बातमीसोबत नागपूरसाठी स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा भारतीय वेळेबरोबर जागतिक वेळेतही छापाव्यात, आणि प्रत्येक वेळेपुढे सूर्याचा किंवा चंद्राचा उन्नतांश आणि दिगंश (दिशेचा कोन) द्यावा. कोलकात्याचं पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर दरवर्षी ग्रहणांचं गणित प्रसिद्ध करतं, त्यावरून हे आकडे मिळवता येतात. चार ओळींची चौकट पुरेल. त्या आकड्यांवरून शाळेतला विद्यार्थीही आपला सिम्युलेटर तपासू शकेल, आणि ढग नसतील तर गच्चीवरून कुठे पाहायचं हेही त्याला कळेल. खऱ्या सूर्याकडे पाहताना प्रमाणित ग्रहणचष्मा लागतोच, ही सूचना त्याच चौकटीत असावी.

आपला,
एक वाचक, नागपूर